नेट किती पळतं आणि किती टिकतं

घरी इंटरनेट घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एमबीपीएस? जाहिरातीत तोच आकडा सगळ्यात मोठ्या टायपात असतो, शेजारी त्याच आकड्यावर फुशारकी मारतो आणि दुकानदारही तोच पुढे करतो. दोन कंपन्यांची तुलना करायची म्हणजे वेगाला किमतीने भागायचं आणि ज्याचा भाव स्वस्त पडेल त्याला होकार द्यायचा, असा सरळ हिशोब आपण मांडतो. पुण्या-मुंबईत तो कदाचित चालतही असेल. बीड जिल्ह्यात तो उलट्या बाजूने मांडावा लागतो. तीस एमबीपीएसच्या पुढे गेल्यावर वाढीव वेगाचा साध्या घराला होणारा उपयोग झपाट्याने घटतो. वर्षभराचं समाधान किंवा मनस्ताप ठरतो तो लाईन किती वेळा बंद पडते आणि बंद पडल्यावर किती तासांत सुरू होते, यावर. बीड शहरातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. नळ अर्ध्या इंचाचा आहे की पाऊण इंचाचा, याची चौकशी तिथे कोणी करत नाही. पाणी कितव्या दिवशी येणार, हे विचारतात.

आधी वेगाचाच हिशोब करू, कारण आकड्यांची भीती गेली की निम्मी जाहिरात निष्प्रभ होते. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष बिट. फाइलचं आकारमान मात्र आपण बाइटमध्ये मोजतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणून 100 एमबीपीएसच्या लाईनवर सेकंदाला शंभर नव्हे, साडेबारा एमबी उतरतात. एक जीबीचा सिनेमा तीस एमबीपीएसवर साडेचार मिनिटांत येईल आणि शंभरवर सव्वा मिनिटाच्या आसपास. फरक आहे, पण तो रोज किती वेळा जाणवेल? आता बहुतेक जण सिनेमा उतरवून ठेवत नाहीत, थेट बघतात, आणि थेट बघण्याला लागणारा वेग ठरलेला असतो. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीनुसार साध्या एचडीला 3, पूर्ण एचडीला 5 आणि फोर-के चित्राला 15 एमबीपीएस पुरतात. एका घरात टीव्हीवर पूर्ण एचडी मालिका चालू आहे, एक मुलगी नीटच्या तयारीचं व्हिडिओ लेक्चर ऐकते आहे, एक जण रील बघतो आहे आणि आजोबा मुंबईच्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलत आहेत, असं धरलं तरी बेरीज वीसच्या आत राहते. सरकारची ब्रॉडबँडची व्याख्या 2004 साली 256 केबीपीएस होती, 2013 मध्ये ती 512 झाली आणि जानेवारी 2023 मध्ये 2 एमबीपीएस. ही व्याख्या आजच्या गरजेला तोकडी आहे, हे खरं. पण तिथून थेट तीनशेवर उडी मारायचंही काही कारण नाही.

‘अमर्याद’ डेटाच्या खालच्या बारीक अक्षरांचंही हेच आहे. बहुतेक फायबर योजनांत महिन्याला सुमारे 3300 जीबीची मर्यादा असते. टॉवरवरून येणाऱ्या एअरफायबरच्या योजनांत ती 1000 जीबीच्या आसपास असते आणि ती ओलांडली की वेग घसरतो. ऐकायला हे फसवणुकीसारखं वाटतं, पण गणित करून पाहा. पूर्ण एचडी चित्र तासाला सव्वादोन जीबी खातं. म्हणजे हजार जीबीत महिन्याला साडेचारशेच्या जवळपास तास, रोजचे चौदा-पंधरा तास टीव्ही चालू राहू शकतो. इतका टीव्ही बघणाऱ्या घराला इंटरनेटपेक्षा दुसऱ्या कुठल्यातरी सल्ल्याची गरज आहे. याउलट मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीत तेच चित्र चाळीस मिनिटं चालतं. लहान पडद्यावर, कमी दर्जात बघितलं तर दोनेक तास.

इथेच पहिला आक्षेप येतो: घरात प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग वेगळी जोडणी हवीच कशाला? भारतात हा आक्षेप बहुमताचा आहे. मोबाइलवर ब्रॉडबँड वापरणारे नव्वद कोटींहून जास्त आणि तारेच्या जोडण्या चार-साडेचार कोटींच्या घरात, ही देशाची स्थिती आहे. पण किमतींच्या वाटचालीकडे पाहिलं तर चित्र जरा बदलतं. जिओचा रोज दीड जीबी, 28 दिवसांचा रिचार्ज डिसेंबर 2019 मध्ये 199 रुपयांना होता. डिसेंबर 2021 मध्ये तो 239 झाला आणि जुलै 2024 मध्ये 299. साडेचार वर्षांत दीडपट. घरच्या फायबरचे सुरुवातीचे दर मात्र 2020 मध्ये जिथे ठरले, तिथेच बराच काळ राहिले: जिओचे 399 रुपयांत 30 एमबीपीएस, बीएसएनएलचे 449 रुपयांत 30, एअरटेलचे 499 रुपयांत 40. यात एक मेख आहे. मोबाइल रिचार्जच्या किमतीत कर धरलेला असतो, तर फायबरच्या जाहिरातीतल्या दरावर 18 टक्के जीएसटी वरून लागतो. म्हणजे 399 चे प्रत्यक्षात 471 रुपये होतात आणि वर्षाचे साधारण 5,650. मोबाइलकडे मेख वेगळी. महिना 28 दिवसांचा असल्यामुळे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज मारावे लागतात.

चार मोबाइलच्या घरात प्रत्येकी 299 चा रिचार्ज धरला तर वर्षाचे 15,548 रुपये होतात. आता त्याच घरात फायबर घेतलं आणि आजी-आजोबांच्या फोनवर नुसतं बोलण्याचं पॅक टाकलं तर? दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये डेटा नको असलेल्यांसाठी वेगळं पॅक देणं कंपन्यांना भाग पाडलं आणि त्यानंतर एअरटेलने 1,849 रुपयांत 365 दिवसांचं असं पॅक आणलं. दोन फोन त्या पॅकवर, दोन फोन जुन्याच रिचार्जवर आणि वर फायबर, अशी बेरीज 17,122 वर जाते. म्हणजे पैसे वाचत नाहीत. वर्षाला दीड हजार जास्तच जातात. पैसे वाचतील असं सांगून जोडणी गळ्यात मारणाऱ्याला हा हिशोब दाखवावा. पण त्या दीड हजारात घराला महिन्याला हजारो जीबी मिळतात आणि ते टीव्हीवर, लॅपटॉपवर, पाहुण्याच्या फोनवर सगळीकडे चालतात. जुलै 2024 नंतर रोज 2 जीबी किंवा त्याहून मोठ्या रिचार्जवर फाइव्ह-जी अमर्याद मिळतं, तेव्हा 349 चा एक रिचार्ज मारून हॉटस्पॉटवर सगळं घर चालवू, अशीही युक्ती निघते. ज्या गावात फाइव्ह-जीची रेंज घरात भक्कम येते तिथे ती चालतेही. अडचण एवढीच की फोन मालकाबरोबर शेतात, बाजारात आणि ड्यूटीवर जातो आणि घरचं नेटही त्याच्याबरोबर जातं.

म्हणजे दर आणि वेग या दोन्ही बाबतीत पर्यायांमधलं अंतर वाटतं त्यापेक्षा कमी आहे. खरं अंतर टिकाऊपणात आहे आणि ते भूगोलातून येतं. 2011 च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्यात 10,693 चौरस किलोमीटरमध्ये 25 लाख 85 हजार माणसं राहत होती. म्हणजे एका चौरस किलोमीटरला 242, जिथे पुणे जिल्ह्यात 603 होती. शहरात राहणारा पाचातला एक. फायबर टाकण्याचा खर्च किलोमीटरवर ठरतो आणि उत्पन्न घरांवर. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या बाजूच्या तालुक्यांत एका किलोमीटरच्या तारेवर जेवढी गिऱ्हाइकं मिळतात, ती पाहता दुसरी कंपनी तिथे सहसा फिरकत नाही. स्पर्धा नसली की दर फारसे बिघडत नाहीत, कारण ते देशभरासाठी ठरलेले असतात. दुरुस्ती मात्र बिघडते. एक तंत्रज्ञ, दोन तालुके आणि फायबरचे जोड लावायचं एकच यंत्र, अशा व्यवस्थेत तुमची तक्रार रांगेत कितवी आहे, यावर सगळं येऊन थांबतं.

फायबर स्वतः नाजूक नाही. जुन्या तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटर गेलं की वेग कोसळायचा, पावसाळ्यात खरखर यायची. काचेच्या तंतूत तसं काही होत नाही. आज घरोघरी येणाऱ्या फायबरमध्ये एका मुख्य धाग्यावर साधारण अडीच जीबीपीएस सोडले जातात आणि वीज न लागणाऱ्या छोट्या विभाजकांतून ते 32 किंवा 64 घरांत वाटले जातात. वाटेत कुठेही वीज लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण धागा तुटला की त्याच्या पुढची सगळी घरं एकदम अंधारात जातात आणि प्रत्येक मोडेमवर तोच लाल दिवा लागतो. तुटण्याची कारणंही ठरलेली आहेत: महामार्गाचं रुंदीकरण, जलजीवनच्या पाइपलाइनचे चर, खांबावरून लोंबणाऱ्या वायरला अडकलेला उसाचा ट्रॅक्टर, आणि या सगळ्यांत अग्रमान जेसीबीचा. खोदण्याआधी जमिनीखाली काय आहे याची सूचना देता-घेता यावी म्हणून केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप काढलं. गावातल्या चरावर उभ्या असलेल्या मुकादमाला ते ठाऊक असण्याची शक्यता किती, हे वाचकांनीच ठरवावं.

नुसत्या वेगामागे धावल्याने काय होतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा सरकारनेच दिला आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यातल्या लाख ग्रामपंचायती डिसेंबर 2017 मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं आणि दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने ‘महानेट’ या नावाने काम स्वतःकडे घेतलं. 2018 च्या दूरसंचार धोरणात लक्ष्यंही डोळे दिपवणारी होती: 2020 पर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीला एक जीबीपीएस आणि 2022 पर्यंत दहा. पण पहिल्या टप्प्यातली रचना तालुक्यापासून गावापर्यंत एकाच सरळ तारेची होती. ती मध्ये तुटली की गाव तुटलं. ती कोण आणि कोणाच्या पैशाने जोडणार, याची सोय पुरेशी नव्हती. पेटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि नेट कागदावर, अशी अवस्था देशात कितीतरी ठिकाणी झाली. ऑगस्ट 2023 मध्ये 1 लाख 39 हजार कोटींचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला, तेव्हा त्यात दोन गोष्टी मुद्दाम घातल्या गेल्या. तारांची रचना वर्तुळाकार करायची, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. आणि दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च आधीच धरायचा. बारा वर्षांच्या अनुभवातून सरकार ज्या निष्कर्षाला आलं, त्याच निष्कर्षाने घरच्या जोडणीचीही निवड करायला हवी. त्यासाठी आपल्याला बारा वर्षं थांबायचं कारण नाही.

तारेचा एवढा भरवसा नाही तर एअरफायबर घ्यावं, हा दुसरा आक्षेप. गच्चीवर एक डबा बसवायचा, तो जवळच्या फाइव्ह-जी टॉवरकडून नेट घेतो, घरात वायफाय पसरतं, आणि जेसीबीची भीती नाही. जिओने सप्टेंबर 2023 मध्ये आठ महानगरांत ही सेवा सुरू केली तेव्हा सुरुवातीचा दर 599 होता, वेग 30 एमबीपीएस. करासह 707 रुपये, म्हणजे त्याच वेगाच्या फायबरपेक्षा वर्षाला 2,800 च्या वर जास्त, जरी त्यात टीव्ही वाहिन्या येत असल्या तरी. हे जास्तीचे पैसे काही घरांना वसूल होतात. ज्या वस्तीवर फायबर पोहोचायला आणखी दोन वर्षं लागणार आहेत, पण टॉवर समोर दिसतो, तिथे एअरफायबर घ्यावं. पण त्याच्या मर्यादा टॉवरच्या मर्यादा असतात. डोंगराची सोंड किंवा दाट झाडी मध्ये आली तर वेग घटतो. संध्याकाळी आठ ते अकरा सगळं गाव त्याच टॉवरवर तुटून पडलेलं असतं. आणि पाठवण्याचा वेग उतरवण्याच्या वेगापेक्षा बराच कमी असतो, जे टीव्ही बघणाऱ्याला कळणारही नाही, पण दिवसभर कागद स्कॅन करून चढवणाऱ्या सेवा केंद्राला पहिल्याच दिवशी कळेल.

विजेचा मुद्दा याला जोडूनच येतो आणि तुलनेच्या तक्त्यांत तो कधीच नसतो. गावठाण फीडरवरच्या घरात आणि शेतातल्या वस्तीवरच्या घरात विजेचं वेळापत्रक एक नसतं. डीपी जळाली तर नवी येईपर्यंत किती दिवस जातील, याचा नेम नसतो. फायबरचा मोडेम दहा-पंधरा वॉटवर चालतो, बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर काही तास सहज निघतात, आणि वाटेत कुठे वीज लागत नसल्यामुळे दुसऱ्या टोकाला बॅटरी असली की गाव अंधारात असतानाही नेट चालू राहतं. शंभरऐवजी तीसची योजना घ्यावी आणि फरकाच्या पैशातून राउटरची बॅटरी घ्यावी, हा सल्ला कोणतीही कंपनी देणार नाही. वर्षभराच्या उपयोगात मात्र त्याला तोड नाही. जुन्या माळवदाच्या घरांत आणखी एक गोष्ट पाहावी. हातभर जाडीच्या दगड-मातीच्या भिंतींतून 5 गिगाहर्ट्झची लहर फारशी पलीकडे जात नाही. 2.4 ची जाते, पण तिचा वेग तसाही बेताचाच. राउटर ओसरीत आणि अभ्यास मागच्या खोलीत असेल तर तीनशेची योजना घेऊनही मुलाला वीसच मिळतील. तिथे दहा मीटर वायर ओढली तर जास्त फरक पडतो.

मग दुरुस्ती कोण लवकर करतं, मोठी कंपनी की गावचा केबलवाला? याचं एक उत्तर नाही. केबलवाला चौकात भेटतो, त्याचा पोरगा खांबावर चढून संध्याकाळपर्यंत जोड लावून देतो, उधारीही चालते. पण त्याने वरून किती बँडविड्थ विकत घेतली आहे, हे आपल्याला दिसत नाही, आणि ती अपुरी असेल तर दुपारी पळणारं नेट रात्री नऊला रांगतं. म्हणून जोडणी घेण्याआधी त्याच्याच एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरी रात्री नऊच्या सुमारास ट्रायचं मायस्पीड अॅप चालवून बघावं. दुपारची चाचणी काहीच सांगत नाही. त्याच्याकडून छापील बिल आणि तक्रारीला क्रमांक मिळतो का, हेही विचारावं. ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या ट्रायच्या सेवा-दर्जा नियमांनुसार तारेच्या जोडणीतला बिघाड तीन दिवसांहून जास्त राहिला तर ग्राहकाला भाड्यात सूट किंवा मुदतवाढ मिळायला हवी. कंपनीने ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा मोकळा आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं. मात्र हे सगळं ज्याच्याकडे तक्रार क्रमांक आहे त्याच्यासाठी. आणि तीन दिवसही कमी नाहीत. पीक विमा भरायची किंवा प्रवेश अर्जाची शेवटची तारीख त्यात येऊन गेलेली असते. महिन्यात 720 तास असतात. लाईन 99 टक्के चालू राहिली तर सव्वासात तास बंद, 95 टक्के चालू राहिली तर छत्तीस. हे चार टक्के कोणत्याही पत्रकावर छापलेले नसतात. ते गल्लीतल्या तिघा-चौघांना विचारूनच कळतात: गेल्या पावसाळ्यात नेट किती वेळा गेलं आणि सगळ्यात जास्त किती दिवस गेलं?

वेगच महत्त्वाचा असलेली घरं जिल्ह्यात नाहीत असं नाही. घरून सॉफ्टवेअरचं काम करणारा अंबाजोगाईचा तरुण, व्हिडिओ संपादन करणारा फोटोग्राफर, चार कॅमेऱ्यांचं चित्रण सतत वर पाठवणारं दुकान, यांना शंभर किंवा त्याहून जास्त घ्यावंच लागेल, आणि तेही दोन्ही दिशांना सारखं. खेळणाऱ्या मुलांचा वेगासाठीचा हट्ट मात्र बहुतेक वेळा चुकीच्या आकड्यावर असतो. खेळात अडखळतं ते विलंबामुळे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे बीड ते मुंबई जाऊन-येऊन फार तर चार-पाच मिलिसेकंद. त्यावर जो वेळ वाढतो तो वाटेतल्या गर्दीचा, आणि ती गर्दी महागडी योजना घेऊन हटेलच असं नाही. हाच मुद्दा उपग्रहाच्या इंटरनेटलाही लागू होतो. 36,000 किलोमीटरवरच्या जुन्या उपग्रहांमुळे अर्ध्या सेकंदाचा उशीर अटळ असतो; स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरत असल्याने तिथे तो खूप कमी आहे. स्टारलिंकला जून 2025 मध्ये भारतात परवाना मिळाला आणि नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने तिच्याशी इरादापत्र केलं, त्यात शेजारच्या धाराशिवचं नाव आहे. डोंगरातल्या एखाद्या तांड्याला पुढे त्याचा उपयोग होईल. आज जोडणी घेणाऱ्याने मात्र त्याच्यासाठी थांबू नये.

राहिला वर्षाचे पैसे एकदम भरण्याचा प्रश्न. बारा महिन्यांच्या योजनेत एखादा महिना फुकट मिळतो, बसवण्याचा खर्च माफ होतो आणि म्हणून तिची गोडी वाटते. पण वर्षाचे पैसे आधी घेतलेल्या माणसाला दुरुस्तीची घाई उरत नाही. पहिले तीन महिने महिन्याच्या महिन्याला पैसे भरावेत, त्यात एक तरी बिघाड होतोच, तो कसा हाताळला जातो ते पाहावं आणि मग वर्षाचा विचार करावा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी तर वर्षाच्या योजनेच्या वाटेलाच जाऊ नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेलं कुटुंब मार्च-एप्रिलला परततं, म्हणजे जवळजवळ निम्मं वर्ष घराला कुलूप. त्या काळाचं भाडं भरण्यात अर्थ नाही. जुन्या लँडलाइनला बीएसएनएल ‘सेफ कस्टडी’ देत असे. काही महिने फोन नाममात्र शुल्कात राखून ठेवता यायचा. लाखो माणसं दरवर्षी ठरल्या वेळी गाव सोडतात अशा या जिल्ह्यात फायबरलाही तशी सोय मागायला हवी. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं राहणार असतील तर गोष्ट वेगळी. तिथे त्याच सहा महिन्यांत नेट सगळ्यात जास्त लागतं आणि लाल दिवा लागल्यावर फोन करून पाठपुरावा करणारं घरात कोणी नसतं. अशा घराने वेगही बघू नये आणि दरही. हाकेच्या अंतरावर कोणाचा माणूस राहतो, तेवढं बघावं.